बटणात अडकवलेली काडी

पिंपळे सौदागरच्या मॉलमध्ये मला सिनेमाला नेलं ते माझ्या मुलाच्या जुन्या वैऱ्यानं. वैरी म्हणजे यंत्रातला. खरं भांडण त्या दोघांचं कधी झालं नाही. मिसरूड फुटायच्या वयात दोघं आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शेजारी शेजारी उभे राहून काचेतली माणसं एकमेकांवर सोडायचे, तेवढंच. हा लातूरकडचा. पोरं त्याला नुसतं लातूर म्हणायची. आता त्याचे केस पांढरे झाले तरी मी तेच म्हणते.

सिनेमा आमच्या दुकानातल्या त्याच मारामारीच्या खेळावरचा होता. लातूर घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी, आपल्या गेमचा नवा पिक्चर लागलाय. तिकिटं काढलीत. न्हाई म्हणायचं न्हाई."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला न्हाई कळत? अख्ख्या काळेवाडीला कॉइन तुम्ही वाटलाव की."

"तिकीट फाडणाऱ्याला पिक्चर कळतो व्हय?"

माझा मुलगा पलंगावर बसून ऐकत होता. उजवा हात खिशात. घरातही तो हात खिशातच असतो. खिसा लागतो म्हणून उन्हाळ्यातसुद्धा दिवसभर पँट घालून बसतो. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो उठला, चपला घातल्या आणि लातूरच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला. म्हणून मी गेले.

आत थंडी इतकी की मी पदर दोन्ही कानांवरून घेतला. सिनेमात पहिल्यापासून कापाकापी. एकानं दुसऱ्याचा हात खांद्यापासून उपटला आणि त्याच हातानं त्याला हाणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक तरुण बाई होती. तिच्या मांडीवर लहानगं पोर मक्याच्या लाह्या खात पडद्याकडं बघत होतं. त्या बाईला वाटलं मी भ्यायले. माझ्याकडं वाकून म्हणाली, "आजी, घाबरू नका, खोटं असतं ते सगळं."

"ठाऊक हाय," मी म्हटलं. "माझं दुकान होतं ह्याचं."

तिला काही कळलं नाही. ती हसली आणि पुन्हा लाह्या खायला लागली.

मी पडद्याकडं कमी आणि मुलाकडं जास्त बघत होते. तो डोळे न मिटता बघत होता. एका माणसाचं मनगट तुटलं आणि रक्ताची पिचकारी पार छतापर्यंत गेली तेव्हा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, रक्त असं उडत न्हाई."

कसं येतं ते मला माहीत आहे. त्याचा शर्ट मीच धुतला होता.

आता दुकानाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही खटावकडचे. नवरा पिंपरीला कंपनीत लागला म्हणून मी इकडं आले. कंपनीनं माणसं कमी करायला काढली तेव्हा त्यानं मिळाले ते पैसे घेतले आणि मुंबईला जाऊन टेम्पो भरून खोकी आणली. प्लायवूडची, माणसाच्या उंचीची, पुढं काच, काचेखाली दांडी आणि बटणं. मला वाटलं ह्याचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ह्याच्यापेक्षा भज्याचा गाडा टाका. भजी निदान उरली तर खाता तरी येतात." तो म्हणाला, "तू गप बघ." आठवड्याभरात आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळं आमचा बाजार गुरुवारचा. आयटीआयची पोरं, वर्कशॉपमध्ये नुकती लागलेली पोरं, शाळा बुडवून आलेली पोरं. घामाचा, ग्रीसचा आणि खोबरेल तेलाचा वास. नवरा बिघडलेली यंत्रं उघडून बसायचा आणि मी स्टुलावर बसून कॉइन द्यायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. यंत्रावरची इंग्रजी अक्षरं मला वाचता यायची नाहीत, पण थोड्या दिवसांत नुसत्या आवाजावरून कोण मार खातोय ते मला कळायला लागलं.

खेळातल्या माणसांची नावं पोरांनी आपली आपण ठेवली होती. माझा मुलगा नेहमी बुटक्या घ्यायचा. बुटक्या म्हणजे पिवळा लंगोट घातलेला, अनवाणी, बेंबीपर्यंत दाढी असलेला गडी. उंचीनं कमी, पण जवळ गेला की एकामागून एक गुद्दे घालायचा. लातूर घ्यायचा वेणीवाली. लांब वेणीची बाई, तिच्या वेणीच्या टोकाला लोखंडी गोळा. बाई घेऊन खेळायची बाकीच्या पोरांना लाज वाटायची. लातूरला नाही वाटली.

"बाईच्या मागं लपतंय लातूर!" पोरं ओरडायची.

"लपत न्हाई. तिला म्होरं केलंय," लातूर म्हणायचा. "तुमच्या घरात काय वेगळं हाय का?"

आणि मग वेणीतला गोळा फिरायचा आणि बुटक्या आडवा.

दुकानाचा कायदा एकच होता. जे काय हाणायचं ते काचेच्या आत हाणा, बाहेर अंगाला हात लावायचा नाही. ज्यानं लावला तो महिनाभर बंद. गल्लीत दोघांचं बिनसलं की लोक त्यांना आमच्याकडं पाठवायचे. नळावरच्या भांडणात एकमेकांची कॉलर धरलेली दोन पोरं मी स्वतः कानाला धरून आणली आणि यंत्रापुढं उभी केली. खेळून झाल्यावर दोघांनी मिळून एक भेळ खाल्ली. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. असं व्हायचं, म्हणून सांगते.

पण लोकांना ते दिसायचं नाही. बुटक्या-वेणीवालीच्या खेळात रक्त दिसायचं. जिंकणारा हरलेल्याचं मुंडकं उडवायचा. ते यंत्र आलं आणि शेजारच्या भजनी मंडळातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं शाळेतले गुरुजी. गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही इथं खुनी तयार करताय. ही पोरं उद्या सुरे घेऊन फिरतील." बाया म्हणाल्या, "तुमचंबी एक पोरगं हाय, त्याचा तरी इचार करा." नवऱ्यानं त्या यंत्राला पुढून पडदा शिवून घेतला, माझ्याच जुन्या लुगड्याचा. शाळेच्या गणवेशातल्या पोरांना पडद्याच्या आत मनाई. झालं काय, तर त्या पडद्यामुळं त्याच यंत्रापुढं रांग लागायला लागली.

त्याच सुमारास त्या खेळावरचा पहिला सिनेमा आला. हिंदीत बोलणारा करून आणलेला. चिंचवडच्या जुन्या टॉकीजला लागला होता. नवऱ्यानं एका गुरुवारी दुकान बंद ठेवून सगळ्या पोरांना नेलं. मला भाकरी बांधून द्यायला लावल्या, जसं काही जत्रेलाच निघालेत. परत आले ते तोंडं पाडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"मावशी, बुटक्या सहा फुटी हाय," लातूर म्हणाला.

"आणि दाढीच न्हाई त्याला," माझा मुलगा म्हणाला.

"आणि रक्त?"

"एक थेंब न्हाई. नुसतं ढकलाढकली करत्यात, आमच्या नळावर बाया करत्यात तशी."

नवरा हसला, पण त्यालाही वाईट वाटलं होतं. तेव्हा सिनेमावाल्यांनासुद्धा रक्त दाखवायची भीती होती, हे मला आता कळतं. आता तेच रक्त दाखवायला लोक पोरं मांडीवर घेऊन जातात. मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीत रात्रीतून गाड्यांच्या काचा फोडल्या. पोरांनी हातात कोयते नाचवत फोनवर त्याचं शूटिंग केलं आणि सगळ्यांना दाखवलं. त्यात गुरुजींची स्कूटर फुटली. गुरुजी आता रिटायर झालेत, काठी घेऊन चालतात. मला बघून म्हणाले, "बाई, तुमच्या दुकानापासून सुरुवात झाली होती ह्याला."

मी म्हटलं, "गुरुजी, माझं दुकान बंद झालं तवा ही पोरं जन्मलीबी नव्हती."

गुरुजींच्या शेजारी त्यांचा नातू फोनवर मारामारीचं काहीतरी बघत होता. आवाज मला ऐकू येत होता. गुरुजीही मधून मधून वाकून बघत होते. मी त्यांना बोलू शकले असते. बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाची स्कूटर फुटली होती.

पोरं बिघडतात ती कशानं, ते मला अजून कळलेलं नाही. ज्यांना कळलंय असं वाटतं ते फार जोरात बोलतात, एवढं बघितलंय.

आता काडीचं.

आमच्या यंत्रांत एक खोड होती. गुद्द्याचं बटण दाबून धरलं की गडी थांबायचाच नाही, मारत राहायचा. पण बटण धरून ठेवलं तर ते बोट अडकून पडणार, लाथेला आणि उडीला बोटं कमी पडणार. म्हणून पोरांनी युक्ती काढली. काडेपेटीतली काडी मोडायची आणि बटण दाबून त्याच्या कडेच्या फटीत पाचर मारायची. बटण दबलेलं राहतं, बोट मोकळं. कुणी काढली ही युक्ती ते मला माहीत नाही. प्रत्येकजण आपलंच नाव सांगायचा. नवरा भयंकर चिडायचा. बटणं खराब होतात म्हणून, आणि तो खोटा डाव म्हणून. काडी सापडली की डाव बाद. तरी माझी काडेपेटी रोज रिकामी व्हायची. स्टोव्ह पेटवायला काडी शोधावी लागायची.

"चोरट्या! काडी लावलीस!" असं ओरडलं की समजायचं, लातूर हरला. किंवा माझा मुलगा हरला. दोघंही लावायचे.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले. पोरं येईनाशी झाली. यंत्रं एकेक करून भंगारात गेली. नवरा शेवटची दोन वर्षं दम्यानं झोपून होता. तो गेला तेव्हा एकच यंत्र उरलं होतं, बुटक्याचं आणि वेणीवालीचं. ते मुलानं ठेवून घेतलं. लग्न झालं, मुलगी झाली, तरी सुट्टीच्या दिवशी तो ते सुरू करून एकटाच खेळायचा. त्याच्या बायकोनं, माझ्या सुनेनं, त्याला कधी अडवलं नाही. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, असू दे एक खोकं, असं ती म्हणायची.

मुलगा कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होता. पहिल्यांदा भोसरीत, मग चाकणला. एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे भाग ठोकून काढायचे. मी एकदा जेवणाचा डबा विसरला म्हणून घेऊन गेले होते, तेव्हा बघितलं. खाली साचा, वर लोखंडाचा अवजड बोजा. साच्यात पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, बोजा खाली येतो, पत्र्याचा भाग तयार. बटणं दोन असतात, एकमेकांपासून लांब, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय बोजा खाली येत नाही. म्हणजे त्या वेळी हात आत राहूच शकत नाहीत. ज्यानं ते यंत्र केलं त्यानं माणसाचा विचार करून केलं होतं.

पण दोन्ही हात बटणावर ठेवले की काम हळू होतं. आणि माल तर संध्याकाळपर्यंत लागतो. मग माणसं काय करतात, तर एका बटणात लाकडाचा तुकडा ठोकतात. ते बटण दबलेलं राहतं. एका हातानं दुसरं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं पत्रा ठेवायचा आणि काढायचा. सगळेच करतात. वरचे लोक बघतात आणि पाठ फिरवतात, कारण माल त्यांनाही लागतो.

एके दिवशी त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं साच्यात राहिली. अंगठा आणि करंगळी उरली.

हॉस्पिटलात त्याच्याबरोबरची माणसं म्हणत होती, यंत्र आपोआप डबल पडलं, बटण न दाबता बोजा परत खाली आला. सुनेलाही तेच सांगितलं. मीही तेच धरून चालले होते. ड्रेसिंग बदलून नर्स गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आई, बटणात काडी होती."

लाकडाचा तुकडा होता. पण तो काडीच म्हणाला. मला लगेच कळलं. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि पाणी आणायला गेले. त्यानं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. आज लिहितेय ते त्याला विचारून. तो म्हणाला, "लिही. नाव घालू नको."

त्या शेडमध्ये जे झालं त्याच्या विरोधात भजनी मंडळ कधी दारात उभं राहिलं नाही. गुरुजी भेटायला आले, केळी घेऊन. म्हणाले, "नशीब." पडद्यावर हात तुटला की लोक त्याला हिंसा म्हणतात, आता तर टाळ्याही वाजवतात. चाकणला बोटं तुटली की त्याला अपघात म्हणतात आणि दुसऱ्या शिफ्टला दुसरा माणूस त्याच प्रेसवर उभा राहतो.

त्यानंतर तो घरीच. सून पुनावळ्याच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते, तिच्यावर घर चालतं. त्याला कामं सांगून बघितली. वॉचमनचं, दुकानात बसायचं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "नको." यंत्र खोलीत तसंच. सून म्हणायची, "आता विकून टाका, पोरीला अभ्यासाला टेबल ठेवायला जागा न्हाई." तर विकू द्यायचा नाही. आणि त्याला हातही लावायचा नाही. त्याच्या वर कपड्यांच्या घड्या रचलेल्या असायच्या.

तर सिनेमा सुटल्यावर लातूरनं आम्हाला मॉलच्या बाहेर चहा पाजला आणि मग खरं काय ते बोलला. त्यानं माण गावात, आयटीवाल्यांच्या कंपन्यांजवळ, जुन्या खेळांचं दुकान काढलं होतं. जुनी यंत्रं शोधून, दुरुस्त करून मांडलीत. बूट घातलेली, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरं-पोरी कॉफी पीत खेळतात.

"आपल्या गेमसाठी लोक विचारायलेत, भावा," तो माझ्या मुलाला म्हणाला. "ती मशीन दे. आणि तूबी ये. तुला काय करायचं न्हाई. बसायचं अन् ह्या लोकांना शिकवायचं. त्यांना बुटक्याचा एक गुद्दा धड मारता येईना झालाय, राव. बघवंना गेलंय."

"मी काय शिकवणार? हात बघितलास न्हवं?"

"हात कुठं लागतोय? तोंड हाय की. मला शिव्या द्यायचास तशा त्यांना द्यायच्या. मोठ्या पगाराची पोरं हाईत, मजा येईल."

मुलगा हसला नाही. चहाचा कागदी कप डाव्या हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बघू."

लातूरला त्या शब्दाचं काही वाटलं नाही. मला वाटलं. बोटं गेल्यापासून त्याच्या तोंडून मी नुसतं 'नको' ऐकलं होतं. घरी आल्यावर मी सुनेला सांगितलं, "बघू म्हणाला." ती पीठ मळता मळता थांबली. म्हणाली, "खरंच?" मग तिनं गडबडीनं यंत्रावरच्या कपड्यांच्या घड्या उचलून ट्रंकेवर ठेवल्या.

पुढच्या गुरुवारी लातूर टेम्पो घेऊन आला. बरोबर ड्रायव्हर आणि एक वायरमन. वायरमननं मागची फळी उघडून धूळ झाडली, कुठं काय जोडलं, आणि यंत्र सुरू झालं. चित्र थोडं हिरवट पडत होतं, पण तीच धून वाजली. इतक्या दिवसांनी ती ऐकून मला पुन्हा नवऱ्याचा आवाज ऐकू येईल असं वाटलं. नाही आला. यंत्रात तो कधीच नव्हता.

"एक डाव," लातूर म्हणाला. "नेण्याआधी. पहिल्यासारखा."

"सोड," मुलगा म्हणाला.

"भ्यालास? वेणीवालीला?"

"तिला कशाला भिऊ? तिच्या मागं कोण लपलंय ते म्हाईत हाय मला."

आणि त्यानं खिशातून हात काढला. दुकानातलं जुनं स्टूल पायानं ओढलं आणि बसला. डावा हात दांडीवर, उजवा बटणांवर. सून दारात उभी राहिली, तिच्या मागं माझी नात.

पहिला डाव तो हरला. करंगळी बटणावरून घसरत होती. दुसराही हरला, पण थोडक्यात. मी कॉइन दिलेली बाई आहे, मला आवाजावरून कळतं. लातूर काही सोडत नव्हता, नीट हाणत होता, आणि माझ्या मुलाला ते आवडत होतं. त्याच्या तोंडावर मी हसू बघितलं. मोठं नाही. ओठ एका बाजूला जायचे तसं, पूर्वीचं.

"मधल्या बटणावर पोचत न्हाई," तो म्हणाला. रडकं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "अंगठा हिकडं, करंगळी तिकडं. मधलं ऱ्हातंय."

"एवढंच ना," लातूर म्हणाला. "थांब."

तो उठून स्वयंपाकाच्या ओट्याकडं गेला. तो कशाला जातोय ते मी बघत राहिले, आणि मला उशीर झाला. काडेपेटी घेऊन तो आला, काडी दातानं तोडली, माझ्या मुलाच्या बाजूचं मधलं बटण अंगठ्यानं दाबलं आणि काडी फटीत बसवली. सराईतासारखी. एवढ्या वर्षांनी त्याचा हात चुकला नाही.

"घे," तो म्हणाला. "आता बरोबरी. आता मला चोरट्या म्हणू नको म्हणजे झालं."

लातूरला यंत्र डबल पडलं एवढंच माहीत होतं. सगळ्यांसारखंच.

काचेत बुटक्या आपोआप गुद्दे मारायला लागला. समोर वेणीवाली लांब उभी होती, त्याचा एकही गुद्दा कुठं लागत नव्हता. तरी तो मारत होता. ठक, ठक, ठक. मुलाचे दोन्ही हात मांडीवर होते. तो त्या बटणाकडं बघत होता. कुणी हात न लावता आत दबलेल्या बटणाकडं.

मी काडी काढायला पुढं झाले. त्यानं डावा हात आडवा करून मला थांबवलं. मग त्यानं स्वतः करंगळीच्या नखानं काडी ओढून काढली. जरा वेळ लागला, नख घसरत होतं. बटण वर आलं. बुटक्या थांबला. काडी त्यानं लातूरच्या हातात दिली.

"मशीन ने," तो म्हणाला.

"आणि तू? कधी येतोस?"

"न्हाई."

"अरे पण आत्ता तर—" लातूर माझ्याकडं बघायला लागला. "मावशी, काय झालं? माझं काय चुकलं का?"

"तुझं काय न्हाई," मुलगाच म्हणाला. "ने तू."

मी लातूरला काही सांगितलं नाही. हात माझ्या मुलाचा आहे, सांगायचं असेल तर त्यानं सांगावं. लातूरचं तोंड मात्र मला बघवलं नाही. भलं करायला आलेला माणूस होता.

यंत्र न्यायला चार माणसं लागतात. ती तिघं होती. दारातून बाहेर काढताना ते एका अंगावर कललं आणि ड्रायव्हर ओरडला, "धरा, धरा!" माझा मुलगा पुढं झाला आणि दोन्ही हातांनी खालून धरलं. गल्लीतले लोक बाहेर आले होते. गुरुजीही काठी टेकून उभे होते. सगळ्यांनी तो हात बघितला. इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. अंगठा आणि करंगळीच्या मध्ये प्लायवूडची कडा, आणि ती त्यानं सोडली नाही, टेम्पोत ठेवेपर्यंत.

यंत्र टेम्पोत आडवं केलं तेव्हा बटणांच्या फळीतून खडखड आवाज आला आणि कडेच्या फटीतून काहीतरी खाली सांडलं. मी जवळ जाऊन बघितलं. काड्या होत्या. मोडलेल्या, गुल असलेल्या, बिनगुलाच्या, काही इतक्या जुन्या की काळ्या पडलेल्या. पोरांनी पाचर मारलेल्या त्या आत पडून साठल्या होत्या, ओंजळभर. लातूर हसला. "बघा मावशी, तुमच्या काडेपेट्या सापडल्या." कुणी हसलं नाही म्हणून तोही थांबला.

मुलानं हात खिशात घातला आणि घरात गेला.

मी केरसुणी आणली आणि काड्या झाडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्यात टाकल्या. ठेवून करायचं काय होतं?

यंत्राच्या जागी आता नातीचं टेबल आहे. ती रात्री तिथं अभ्यास करते, सुनेला बरं वाटतं. लातूर भला माणूस. त्यानं दुकानात ते यंत्र पुढं मांडलंय आणि त्याच्यापुढं एक स्टूल रिकामं ठेवलंय, असं म्हणतो. दर गुरुवारी त्याचा फोन येतो. मुलगा फोन डाव्या हातानं कानाला लावतो, त्याचं सगळं ऐकून घेतो, सिनेमाचा पुढचा भाग येणार आहे म्हणतो तेही ऐकतो.

मी तिथंच बसून तांदूळ निवडत असते. दर वेळी कान देऊन ऐकते, बघू म्हणतो का ते.

"नको," तो म्हणतो.